शंभूच्या नावाची गाडी

उज्वलाची मोटरसायकल तिच्या नावावर नाही, हे आमच्या माले गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण त्या एका गोष्टीपायी आमच्या डोक्याला एवढा ताप होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

आमचा दोघींचा डब्यांचा धंदा. भाकऱ्या मी थापते, भाजी-आमटी उज्वला करते आणि पिरंगुटच्या कारखान्यात डबे पोचवते तीच. स्कुटी नव्हे, चांगली गिअरची मोटरसायकल. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यात हेल्मेट, दोन्ही अंगांना डब्यांच्या पिशव्या. पाऊस असो, धुकं असो, बाईचा डबा कधी सांडला नाही. गाडी तिनं स्वतःच्या कमाईतून घेतली, आणि नाव लागलं नवऱ्याचं, शंभूचं. शंभूला गाडी येत नाही. थोडीफार येते असंही नव्हे, अजिबात येत नाही. तो मागं बसतो आणि वळण आलं की डोळे मिटतो.

हे सगळं तिचे सासरे कुशाबा यांच्यामुळं. म्हातारा मनानं वाईट नाही, पण एखादी गोष्ट धरली की घोरपडीसारखी धरतो. त्याचं म्हणणं, वाहन प्रत्येकाला लाभत नाही. उज्वलाचा भाऊ गाडीवरून पडून पायानं अधू झाला, म्हणजे तिच्या माहेरालाच वाहन लाभत नाही. शंभूच्या नावावर मात्र ट्रॅक्टर घेतला आणि तो आजवर कुठं धडकला नाही, म्हणजे शंभूला लाभतं. तो ट्रॅक्टर चालवायला पहिल्यापासून भाड्याचा माणूस आहे, हे कोण सांगणार?

या वर्षी कारखान्यानं नवीन नियम काढला. पूर्ण विमा असल्याशिवाय बाहेरची गाडी गेटातून आत घ्यायची नाही. तिथल्या जेवणाचं बघणारा शेखर म्हणाला, "ताई, माझ्या हातात काही नाही. कागद आणा, नाहीतर डबे दुसऱ्याला द्यावे लागतील." आमच्याकडं होता तो साधा विमा, पोलिसांपुरता. पूर्ण विम्याचा आकडा ऐकला आणि नाकापेक्षा मोती जड म्हणायची वेळ आली.

पौडला सौरभ नावाचा विमा एजंट आहे. गोड बोलतो. त्यानं वाट दाखवली. त्याच्या कंपनीची नवी योजना होती. गाडी सुरक्षित चालवायचा कोर्स करा, सर्टिफिकेट आणा, हप्त्यात सूट घ्या. उज्वलानं एका शब्दानं विचारलं नाही की सूट कुणाला. मीही विचारलं नाही. चालवणाराच कोर्स करणार ना? अक्कल तर हेच सांगते.

कोर्स पिरंगुटजवळच्या एका मैदानावर होता. बाकी सगळी आयटीतली पोरं, मोठमोठ्या गाड्या घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी अगदी हळू चालवायच्या परीक्षेत उज्वलाचे पाय तीनदा जमिनीला लागले. संध्याकाळी तोंड पाडून आली. दुसऱ्या दिवशी आली ती मात्र उड्या मारतच.

"शुभे, आजवर मी फुडचा ब्रेक कधी दाबलाच न्हाई गं! समदी म्हनायची, फुडचा दाबला की डोक्यावर पडशील. खरा ब्रेक त्योच हाय. दोनी एकदम दाबायचे, दमानं. गाडी अशी जाग्याव ऱ्हाती, अशी!" तिनं हवेतच मूठ आवळून दाखवली. एवढी खूश मी तिला तिच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

ते सर्टिफिकेट घेऊन आम्ही सौरभकडं गेलो. त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं, परत टाकलं, आणि मान हलवली.

"वहिनी, गाडी शंभूदादांच्या नावावर आहे. सूट मालकाला मिळते. सर्टिफिकेट मालकाचं लागेल."

"मालकाला गाडी येत नाही," मी म्हणाले.

"सिस्टीम ते विचारत नाही."

मला वाटलं, तो कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर आपटावा. उज्वला म्हणाली, "मग गाडी माज्या नावाव करा." ते होण्यासारखं होतं. आरटीओचे कागदही सौरभच करून देतो, शंभूची सही पुरेशी होती. पण कुशाबांनी ओट्यावर बसूनच निकाल दिला.

"नाव फिरवायचं न्हाई. शंभूला लाभतंय, तर शंभूच जाईल कोर्साला."

आणि खरंच गेला. बापापुढं तोंड उघडायची त्याची कधी छातीच झाली नाही. पहिल्याच फेरीत तो गाडीसकट आडवा झाला आणि मनगट मुरगाळून बसला. दोन्ही दिवस हजर होता म्हणून सर्टिफिकेट त्यालाही मिळालं. सूट मिळाली, विमा झाला. आयत्या बिळावर नागोबा! कुशाबांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि येईल त्याला दाखवू लागले, "बगा, आमच्या शंभूला वाहन लाभतंय." उज्वलाचं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली गेलं.

मग एका सकाळी मी भाकऱ्या घेऊन गेले तर उज्वलानं डब्यांच्या पिशव्या गाडीला अडकवल्या होत्या. तिनं किल्ली काढली आणि चहा पीत बसलेल्या शंभूच्या हातावर ठेवली.

"तुमचं नाव, तुमची गाडी, तुमचा दाखला. आता चालवा."

शंभू किल्लीकडं बघतच राहिला. कुशाबा म्हणाले, "त्याला येत नसंल चालवाया, पर लाभतंय ना?"

"लाभू द्या मग, मामंजी," उज्वला म्हणाली. तिनं पिशव्या उतरवल्या, एक माझ्याकडं दिली आणि आम्ही एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिलो.

एसटी आली नाही. शेखरचा फोन दोनदा येऊन गेला. धंदा बुडतोय ते बुडतोय, वर ही बाई हट्टाला पेटलेली. मी तिच्यावरही चिडले, म्हाताऱ्यावरही आणि त्या न येणाऱ्या एसटीवरही. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर शंभू दिसला. मोटरसायकल हातानं ढकलत येत होता. मनगटाला पट्टी, घामानं शर्ट भिजलेला आणि डोक्यात हेल्मेट.

"ढकलताना हेल्मेट कशाला?" मला राहवलं नाही.

"कोर्साला शिकवनाऱ्या मॅडम म्हनल्या हुत्या, गाडीला हात लावायच्या आदी हेल्मेट घालायचं." त्यानं गाडी स्टँडवर लावली आणि खिशातनं गाडीचे कागद काढून उज्वलापुढं धरले. "वाटंत सौरभकडं थांबू. नाव फिरवू. मी सही करतो."

"आन मामंजी?"

"त्यांना म्हनलं, वाहन मला लाभतंय ना? मग ते कुनाला द्यायचं ते बी मीच ठरवनार."

मला वाटलं, आता ही रडणार. पण उज्वलानं त्याच्या हातातली किल्ली हिसकावून घेतली.

"एवढं कळाया मनगट मुरगाळून घ्यावं लागलं व्हय तुमाला? बसा मागं. डबं निवल्यात."