मुक्या सिनेमातली मोलकरीण

दर्यापूरहून अमरावतीला निघालेल्या जीपमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली, मांडीवर मेथीची पिशवी घेऊन. माझ्या मोबाइलवर जुना मुका विनोदी सिनेमा चालू होता. तिनं मान तिरपी करून तो पाहिला, मोबाइल हातात घेतला आणि दोन मिनिटांत प्रवाशांना त्यातल्या पात्रांच्या आवाजाची कामं वाटून दिली. धडपडणारा जाडा साहेब समोरच्या आजोबांकडे, त्याची गोरी बायको एका मिशीवाल्या तलाठ्याकडे.

मला म्हणाली, "तुमचा आवाज बारीक हाय, भाऊ. तुमी घोडा करा."

मागे ट्रे धरून उभी असलेली काळी मोलकरीण तिनं स्वतःकडे ठेवली.

"पण ती दोनदाच दिसते," मी म्हणालो.

"दिसते ना? मंग बोलनच."

मोलकरीण आली की ती अंगठ्यानं चित्र थांबवायची आणि बोलणं संपल्याशिवाय तिला जाऊ द्यायची नाही. साहेब चिखलात पडला, तेव्हा ती म्हणाली, "आता हे कपडे कोन धुईन? तुहा बाप?" बायकोला चक्कर आली, तेव्हा म्हणाली, "पड, पन सोफ्यावर पड. फरशी आताच पुसली म्या." तलाठी हसून हसून आपली चक्करच विसरला. मी मात्र इमानानं खिंकाळत होतो. दहा मिनिटांचा सिनेमा अमरावतीपर्यंत पुरला.

घरी तोच सिनेमा मी न थांबवता पाहिला. मोलकरीण आली आणि पापणी लवायच्या आत गेली. मी तो मागे नेला, अंगठ्यानं चित्र थांबवलं आणि तिच्यासाठी एकदा मन लावून खिंकाळलो.