नानांची मूठ

फोटो काढण्याआधी नाना समोरच्या माणसाकडे बघत नसत, स्वतःच्या मुठीकडे बघत. हात लांब करून मूठ वळायची, डोळ्यांसमोर धरायची आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. अमळनेरला त्यांच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याच्या अंगात आलंय. तेव्हा नाना जेमतेम चाळिशीचे. पण मी वीस वर्षांची आणि अतिशहाणी. तिशीपुढचे सगळेच मला म्हातारे दिसत.

मुठीवरच्या सावल्या जिथे मऊ पडतील, तिथे माणसाला बसवायचं असा त्यांचा हिशेब. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. गेल्या वर्षी नाना गेले. आता पिंप्राळ्याच्या घरात नात मोबाइल घेऊन आली की मीच मूठ धरून खोलीभर फिरते. गुडघे बोलतात, दम लागतो.

"आजी, बस ना गं एका जागी!"

"थांब. आधी ती काच पूस, खोबरेल लागलंय तिला. आणि लांबून बोटांनी मोठं काय करतेस? पाय दिलेत ना देवानं? दोन पावलं पुढे ये."

हे सगळं नानांचं. मी नुसती वाहून आणलं.

तर माझा तो पहिला फोटो स्थळांना पाठवायचा होता. पावडर इतकी थापली होती की मानेवरची मी वेगळी आणि मानेखालची वेगळी. शिवाय भर दुपारी बाहेर रस्त्यावरच फोटो काढा असा माझा हट्ट, म्हणजे उन्हात मी गोरी दिसेन. मी जाऊन उन्हात खुर्चीवर बसलेसुद्धा. नाना चिडले की खानदेशीत शिरत. "उजेड दारात शे, पोरी, तू तठे कसाले बसनी?" मग शांतपणे म्हणाले, "बाराचं ऊन डोक्यावरून पडतं. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतील. दाराच्या आत, सावलीत बस. बाहेरचा उजेड आपणहून येईल तुझ्याकडे."

सोबत आलेली माय हळूच म्हणाली, "नाना, तेवढा डाग दिसायला नको."

डाव्या गालावर माझ्या भाजल्याचा डाग आहे, चांगला रुपयाएवढा. लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय खापरावर पुरणपोळ्या करत होती आणि मी धावत येऊन तापल्या खापरावर पडले. नानांनी मान डोलावली, मूठ फिरवली आणि मला अशी तिरकी बसवली की डावा गाल पार अंधारात गेला. फोटो इतका सुरेख आला की महिनाभर मी आरसा सोडून त्या फोटोत बघून वेणी घातली.

तो फोटो घेऊन पहिलं स्थळ चोपड्याहून आलं. मी चहा घेऊन बाहेर आले. मुलाच्या आत्यानं फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि मायला विचारलं, "ही धाकटी का? फोटोतली कुठंय?"

मी एकुलती एक. पण त्यांची खात्रीच झाली की आम्ही दुसऱ्याच मुलीचा फोटो पाठवला. चहाला हात न लावता उठले. त्यानंतर दोन स्थळं तशीच गेली. दर वेळी तीच साडी, तोच ट्रे, तीच नजर फोटोवरून गालावर. माणूस काम करून दमतो; मी नुसती स्वतःला दाखवून दाखवून दमले. मायनं शेवटी सांगितलं, धुळ्याचं एक स्थळ आहे, तिथेही बिनसलं तर दोन लेकरांच्या बिजवराला होकार कळवायचा.

मी तडक नानांकडे गेले. जे सुचेल ते बोलले. तुमच्या फोटोनं माझं वाटोळं केलं, असंही.

नाना काच पुसत होते, ते थांबले. "चूक मनी शे," म्हणाले. "माझीच. माय बोलली म्हणून नाही लपवला डाग. मला लपवता येतं ना, ते दाखवायची हौस. बस. पुन्हा काढू."

या वेळी आधी तोंड धुवायला लावलं. खुर्ची दाराकडे तोंड करून, समोरच ठेवली. दोन्ही गालांवर सारखा उजेड. मी सवयीनं हसले.

"हसू नको. नुसती बस."

मग ते कॅमेऱ्यामागे उभेच राहिले. कितीतरी वेळ. मी ताठ बसले, मग कंटाळले, मग मला खरोखरच थकवा आला आणि एक मोठा सुस्कारा सुटला. खांदे खाली आले. तेवढ्यात खटका वाजला.

"माणूस श्वास सोडतो ना, तेव्हा तो आपला असतो," नाना म्हणाले. "त्याच्या आधी काढला तर त्याची ऐट येते फोटोत."

निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग पुसट करायची तेव्हा रीत होती. नानांनी पेन्सिल उचलली नाही. फोटो बघून मायला रडू आलं. "हा पाठवला तर कोण येईल?"

मी म्हटलं, "माय, येणार नाहीत ते बरं. आलेल्यांना चहा करून करून हात दुखले माझे."

फोटो गेला. पंधरा दिवसांनी धुळ्याची मंडळी आली. मी ट्रे घेऊन बाहेर आले. सासू, म्हणजे पुढे झालेल्या सासूबाई, पिशवीतून फोटो काढू लागल्या आणि मी ट्रे धरून तिथेच उभी राहिले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फोटो परत पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "बस गं, उभी का? केव्हाची दमलेली दिसतेस."

होकार नंतर, चार दिवसांनी आला. आनंद वगैरे झाला असेल, पण तो त्या दिवशी नव्हता. त्या दिवशी मी आत जाऊन भिंतीला टेकून पाय पसरले. माय मागोमाग आली, दाराआड उभी राहून कुजबुजली, "काय म्हणाल्या गं?"

मी म्हटलं, "ओळखलं मला."