बांधाकडे जाणारा नारळ

आमच्या महाळुंगे पडवळला पाण्याची जागा दाखवायला पाणाड्या आला, तेव्हा मी त्याचं नावही विचारलं नाही. सगळं लक्ष त्याच्या तळहातावर आडव्या ठेवलेल्या नारळाकडे होतं. अनवाणी, डोळे मिटून तो आमच्या वाळलेल्या रानातून चालत निघाला आणि थेट शेजाऱ्याच्या बांधाला जाऊन थांबला. नारळ टुणकन उभा राहिला. पलीकडे शेजाऱ्याची भरलेली विहीर होती.

"नेमकं इथंच कसं?" मी विचारलं.

त्यानं एक डोळा उघडला. "मी कुटं ठरवतो, राव? नारळ नेतो तिकडं जायाचं."

जाताना आम्ही दिलेला तो नारळ त्यानं पिशवीत टाकला. आमच्या बोअरला पाणी लागलं, आम्ही पेढे वाटले. महिन्याभरात शेजाऱ्याची विहीर आटली. त्यानं पावसाला शिव्या घातल्या, आम्हीही साळसूदपणे साथ दिली.

परवा पाहतो तर पाणाड्या शेजाऱ्याच्या रानात! डोळे मिटून, नवा नारळ घेऊन, सरळ आमच्या बोअरच्या रोखानं येत होता.

"अहो, खाली पाणी एकच आहे ना?" मी ओरडलो.

"एकच हाय की," डोळे न उघडता तो म्हणाला. "नारळ मातुर दोन मिळालं."