पोत्याच्या दुसऱ्या टोकाला

हुबळीत माझं वकिलीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. परशुअण्णा जिन्याच्या मध्यावर थांबायचे आणि भिंतीवरची दातांच्या डॉक्टरांची पाटी वाचत उभे राहायचे. कुणी पाहिलंच तर म्हणायचे, "दात दाखवायचेत एकदा." तोंडात दात उरले होते पाच. दम लागला असं ते कधी कबूल करत नसत.

रायापूरहून बसनं यायचे आणि येताना परसातला कढीपत्ता आणायचे. म्हणायचे, "वकिलाकडं आणि देवाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, अक्का. दोघंबी उशीर लावतात."

तारिहाळला सिमेंटचे पत्रे करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. अ‍ॅस्बेस्टॉसची पोती फाडून यंत्रात ओतायची, हे त्यांचं काम. पिंजलेल्या कापसासारखी धूळ उडे. तोंडाला पंचा बांधला की झालं, असं साहेब सांगत. नोकरी सुटल्यावर दहा वर्षांनी खोकला लागला. क्षयाची औषधं दोनदा झाली, गुण आला नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "तुम्ही काम काय करत होता?" फुप्फुसं त्या धुळीनं कडक झाली होती आणि ती आता पूर्ववत होणार नव्हती. अण्णा मात्र त्या डॉक्टरवर खूश होते. म्हणायचे, "बाकीच्यांनी छाती बघितली. यानं हात बघितले."

त्यांच्यासारखे आणखी पाच कायम कामगार निघाले. सहाजणांचा दावा मी तयार केला. सही करायच्या दिवशी अण्णांनी एका बाईंना सोबत आणलं. यल्लव्वा त्यांचं नाव. त्या आणि आणखी तिघी कंत्राटदाराच्या हाताखाली तीच पोती उचलत, रिकामी झाली की झटकून घड्या घालत. चौघींनाही तोच आजार निघाला होता. त्यांच्याकडे ना हजेरीपत्रक, ना पगाराची पावती. मी अण्णांना स्पष्ट सांगितलं, की पुरावा नसलेली माणसं घेतली तर सगळ्यांचाच दावा रखडेल. त्यांनी यल्लव्वांना कन्नडमध्ये माझं बोलणं समजावून सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग रखडू दे की."

दावा दहाजणांचा झाला. वर्षभरानं कंपनीनं तडजोडीचा निरोप पाठवला: सहा कायम कामगारांना लगेच भरपाई, बायकांचा विषय सोडा. बाकीचे पाचजण तयार होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. त्यातल्या एकाला तर अंथरुणातून उठवत नव्हतं. अण्णांनी त्यांना खुशाल घ्या म्हणून सांगितलं, स्वतः मात्र नकार दिला. त्यांची मुलगी माझ्यासमोर रडली. बाबा निकालापर्यंत राहणार का, हा तिचा प्रश्न होता. मग पाचांपैकी दोघे अण्णांसोबत थांबले, तिघांनी तडजोड घेतली. अण्णा त्या तिघांच्याही घरी जाऊन चहा पिऊन आले.

पुरावा त्यांनीच शोधला. कारखान्यात दरवर्षी खंडेनवमीला, यंत्रांच्या आयुधपूजेला फोटो निघत असे. दम खात खात ते जुन्या सोबत्यांची घरं फिरले आणि एका घरी भिंतीवर तो मिळाला. हार घातलेलं यंत्र, मागं कारखान्याची पाटी, मधे साहेब आणि कडेला जमिनीवर बसलेल्या चार बायका. दुसरीच्या मांडीवर कुंकवाचं ताट. ती यल्लव्वा.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी विचारलं, की या बाईंचं नाव तुम्ही रजिस्टरवर कधी पाहिलंत का.

"रजिस्टर साहेबांकडं असायचं," अण्णा म्हणाले. मग थांबून श्वास घेतला. "आमच्याकडं पोतं असायचं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ही. एकट्याला उचलत नव्हतं ते."

वकील कागद आवरून खाली बसले.

त्यानंतर कंपनीनं बायकांना निम्मी भरपाई देऊ केली, कारण त्यांची मजुरी निम्मी होती. अण्णांनी मला विचारलं, "मजुरी कमी होती म्हणून धूळ कमी गेली काय आत?" हेच वाक्य मी थोडं सभ्य करून कोर्टात मांडलं.

निकालात थांबलेल्या सातही जणांना सारखी भरपाई मिळाली. निकाल कळला तेव्हा यल्लव्वांनी स्वतःचं नाव कुठं छापलंय ते मला बोटानं दाखवायला लावलं आणि बराच वेळ तिथं बोट ठेवून बसल्या. अण्णा मला म्हणाले, "बघा, उशीर लावला तुम्ही, पण पावलात."

त्या पैशातून त्यांनी खोलीची खिडकी मोठी करून घेतली. त्या खिडकीशी कॉटवर उशांना टेकून ते दीड वर्ष आनंदात जगले. नातवाला पाढे शिकवायचे. धाप लागली की पुढचा आकडा त्याला म्हणायला लावायचे. एका दुपारी जेवून, पान मागवून, पान यायच्या आत ते गेले.

आता छातीची तक्रार घेऊन कुणी कामगार आला की कागद मागण्याआधी मी विचारते, तुमच्याबरोबर कोण होतं. परवा एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "कुणी नाही. एकटाच होतो मशीनवर." मग थोडं आठवून म्हणाले, "घरी आल्यावर धुळीचे कपडे तेवढे मंडळी झटकून धुवायची."

त्यांच्या पत्नी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि आणखी एक खुर्ची मागवली.