आत्याकडे फोनिक्स आलं

प्रिय सई आणि निहार,

परवा तुमच्या आईने फोनवर विचारलं, "आई, मुलांना या वर्षी घरीच शिकवायचं ठरवलंय. फोनिक्सची दोन वर्कबुकं समोर आहेत. एकावर घुबड आहे, एकावर रॉकेट. कुठलं घेऊ?" मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आहे, तेव्हा मला उत्तर येत असणार असा तिचा समज. मला उत्तराऐवजी तिची आत्या आठवली. मुलाला घरी शिकवण्याचा आणि वर्कबुकं निवडण्याचा आपल्या घरातला पहिला मान तिचा, आणि तुम्ही तर तिला पाहिलेलंही नाही. म्हणून हे आत्ता लिहिते आहे. घुबड-रॉकेटचा निकाल तोवर थांबला तरी चालेल.

फोनिक्सआत्या एकट्या मुलाची हजेरी घेत असे. अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारच्या इमारतीत ती राहायची आणि तिची शाळा स्वयंपाकघरात भरायची. सकाळी कुकर उतरला की ती साडी बदलायची, पदराला पिन लावायची, देवापुढची घंटा वाजवायची आणि पुकारायची, "विनय!" समोर चटईवर बसलेला तिचा सहा वर्षांचा विनू म्हणायचा, "प्रेझेंट, मिस." तो रुसून पलंगाखाली शिरला तर गैरहजर लागे आणि संध्याकाळी पालकांना, म्हणजे आतोबांना, समज मिळे. कारखान्यातून दमून आलेला तो माणूस बूट काढायच्या आत खुर्चीवर बसवला जाई.

"तुमचा पाल्य वर्गात लक्ष देत नाही," आत्या म्हणायची.

"मी त्याच्या आईशी बोलतो."

"आई दिवसभर शाळेत असते. तुम्हीच बघा," असं म्हणून ती चहा टाकायला उठायची.

हे सगळं विनूच्या गप्प बसण्यापायी. घरात तो बेताचं बोलायचा, परक्या माणसासमोर अजिबात नाही. दोन इंग्रजी शाळांनी मुलाखतीत त्याला चित्रं दाखवली, तो नुसता बघत राहिला, आणि 'स्लो' असा शेरा घेऊन परत आला. मराठी शाळा क्वार्टर्सच्या फाटकासमोरच होती. पण त्या वर्षांत आमच्या ओळीतलं शेंबडं पोरही टाय लावून बाहेर पडत होतं, आणि आत्याला विनूच्या गळ्यात टाय हवा होता. "वर्षभर घरी तयार करते आणि त्यांच्याच दारात उभा करते," ती म्हणाली. मूल शाळेत जात नाही म्हणजे त्याला काहीतरी झालंय, असं शेजाऱ्यांनी धरूनच टाकलं. तो वर्षभरात बोलला नाही तर 'स्लो' हा शब्द त्याला जन्मभर चिकटणार होता. आत्या हे कधी बोलली नाही, पण तिची झोप उडाली होती, हे मला दिसत होतं.

अक्षराचं नाव शिकवू नये, आवाज शिकवावा, त्याला फोनिक्स म्हणतात, हे तिने कुठल्याशा मासिकात वाचलं. आत्याकडे फोनिक्स आलं, ही बातमी क्वार्टर्समध्ये पसरली. तेव्हा टेलिफोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. समोरच्या कुलकर्णीकाकू पेढे घेऊनच आल्या.

"अभिनंदन हो! आमचा नंबर कधी लागतोय देव जाणे. जावयांना तुमचा नंबर दिला तर चालेल ना? निरोप तेवढा द्या."

"अहो काकू, फोन नाही, फोनिक्स! ए म्हणजे ॲ, बी म्हणजे ब्."

काकूंनी जरा विचार केला. "म्हणजे ट्रंक कॉल नाही लागायचा," त्या म्हणाल्या आणि पेढे ठेवून गेल्या. तेव्हापासून ती फोनिक्सआत्या.

वर्कबुक निवडायला ती उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका सिंधी सेठच्या दुकानात जायची आणि इंग्रजीसाठी मला सोबत न्यायची. तिच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. आधी पानावर पेन्सिलीने रेघ मारून खोडरबर घासायची. कागद फाटला तर पुस्तक बाद. मग थेट एक्सचं पान. तिथे झायलोफोन असला तर पुस्तक बाद. "वहिनी, तुम्ही बी.ए. ना? तुम्ही पाहिलाय झायलोफोन? मग माझ्या विनूने काय पाप केलंय?" शेवटी ती सेठलाच पुस्तक वाचायला लावायची. त्याने "बी फॉर बॅट" म्हटलं की ही म्हणायची, "नाव नको सेठ, आवाज सांगा."

सेठ घाम पुसत म्हणायचा, "भाभी, किताब लेने आयी हो के बहू देखने?"

"बहू एक वेळ चालवून घेता येते सेठ. ही पोराच्या डोक्यात बसणार."

या वादात तास जायचा. तोवर विनू गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून सेठ गिऱ्हाइकांशी काय बोलतो ते ऐकत असायचा.

अखेर एक अमेरिकन वर्कबुक सगळ्या परीक्षा पास झालं. एक्सच्या पानावर चक्क खोकं, म्हणजे बॉक्स, होतं आणि एक्स त्या शब्दाच्या शेवटी होता. चित्र बघायचं, त्याच्या नावाचा पहिला आवाज ओळखायचा आणि अक्षर लिहायचं, असा अभ्यास. आठवड्याने आत्या ते वर्कबुक घेऊन माझ्याकडे आली. पानभर तांबड्या फुल्या. विनूने डुकराखाली डी लिहिला होता, मांजराखाली एम, कोंबडीखाली के, बेडकाखाली बी. सूर्य आणि नाक तेवढे बरोबर आले होते.

"वहिनी, स्लोच निघाला हो," ती म्हणाली आणि माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली. मी चहाचं आधण ठेवलं. ती पानाकडे बघत तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. "डी... ड्... डुक्कर. एम... म्... मांजर." मग एकदम ओरडली, "वहिनी! अहो, सगळं बरोबर आहे! पुस्तकच अमेरिकेत राहतंय, त्याला पोरगं काय करणार?" चहा न घेताच ती पळाली.

त्यानंतर ती प्रत्येक चित्र दोनदा विचारू लागली, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. विनूलाही सवय लागली, उत्तराआधी तो विचारायचा, "कोणत्या भाषेत?"

जूनमध्ये आम्ही तिघं पहिल्याच इंग्रजी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकेने मांजराचं चित्र पुढे केलं. "व्हॉट इज धिस?" विनू गप्प. आत्याने माझा हात घट्ट धरला. मग तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "इन विच लँग्वेज, मिस?"

बाईंनी चित्र बाजूला ठेवलं. "द चाइल्ड इज कन्फ्यूज्ड. पुट हिम इन अ व्हर्नाक्युलर स्कूल." नवा शेरा लिहिला गेला.

मला वाटलं, आत्या आता रडणार. पायऱ्यांवर तिचे डोळे भरलेही, पण ती हसत होती. "ऐकलंत ना वहिनी? अनोळखी बाईशी बोलला! पुरतं वाक्य!" रिक्षात बसताना तिने शाळेकडे वळून पाहिलं. "यांना एकच भाषा येते हो. जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती त्याला फाटकासमोरच्या मराठी शाळेत घेऊन गेली. गुरुजी भिंतीवरच्या तक्त्याशी उभे होते. त्यांनी हत्तीवर छडी ठेवली. "हे काय रे?"

"कोणत्या भाषेत सांगू?"

गुरुजींनी चष्मा लावला. "तुला किती येतात?"

"दोन. आणि सेठची थोडी."

"सेठची बोल बघू."

विनूने खुर्चीकडे हात केला. "अचो साईं, वेहो." या साहेब, बसा.

गुरुजी खरोखरच बसले. "बाई, नाव काय म्हणालात याचं?" त्यांनी विचारलं आणि हजेरीपट पुढे ओढला.

आत्याची शाळा त्या दिवशी बंद झाली. आतोबा म्हणाले, "माझ्या पाल्याची शाळा बरी होती, घरचा चहा मिळायचा." पुढे ते सगळे बदलापूरला राहायला गेले आणि तिथेच आत्या गेली. क्वार्टर्स पाडली, वर्कबुकं रद्दीत गेली. तुमच्या विनूमामाचं उल्हासनगरला शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येईल त्या भाषेत तो दिवसभर बोलत असतो.