दर खंडेनवमीला लेथवर गेलेले ड्रम

ये, इकडे जवळ बस. दारात उभं राहून बोललेलं मला नीट ऐकू येत नाही, आणि तुला तो फोन ठेवून घटकाभर बसवत नाही. मघाशी काय म्हणालीस? "मावशी, माझ्या गाडीचा ब्रेक लागतोय की, मग उघडून काय बघायचं?" असं बोलायचं असतं होय? हुबळीत ब्रेकच्या दुकानात माझं आयुष्य गेलं आणि माझ्याच भाचीनं असं बोलावं! बस. एका गाडीचं सांगते, मग काय ते ठरव.

धारवाडातल्या सप्तापूरच्या अप्पांची गाडी. अप्पा म्हणजे कापडाचे व्यापारी, आता दुकान मुलगा बघतो. गाडी इंग्लंडची, काळी, गोल बोनेटची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. अप्पांची वरात तिच्यातून निघाली, मुलाची तिच्यातून निघाली. आता नात नेत्राचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर ती परदेशी जाणार होती. तिला घरून हुबळीच्या कार्यालयात त्याच गाडीतून न्यायचं आणि शेजारी आपण बसायचं, एवढंच म्हातारा मागत होता. बाकी हॉल कुठला, जेवणात काय, कशात तोंड घातलं नव्हतं.

गाडी घेऊन आजोबा-नात दोघं आले.

"अक्का, ब्रेक फर्स्ट क्लास आहे," अप्पा म्हणाले. "तू फक्त एकदा बघून हो म्हण."

"हो म्हणायलाच आणली असेल तर फोनवर म्हटलं असतं की," मी म्हणाले. नेत्रा हसली. अप्पा हसले नाहीत.

मी आधी पेडल दाबून बघितलं. खरंच छान होतं. वरच्या वर लागत होतं, टणक. मग जॅक लावून पुढची चाकं काढली.

आता तुला ड्रम म्हणजे काय ते सांगते. चाकाच्या आत बिडाचा एक गोल डबा चाकाबरोबर फिरतो, तो ड्रम. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन शूज असतात, त्यांच्यावर घासणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लायनिंग. पेडल दाबलं की शूज फाकतात आणि ड्रमला आतून धरतात, गाडी थांबते. या घासाघाशीत लायनिंग झिजतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ड्रमही झिजतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याचं पोट आतून मोठं होत जातं. बाहेरून बघशील तर तसाच्या तसा.

ड्रम निघाले ते आरशासारखे. एक ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही. दोरीला टांगून हातोडीनं हलकं वाजवलं. तडा असेल तर आवाज बद्द येतो. इथं देवळातल्या घंटेसारखा आला.

"ऐकलंस?" अप्पा म्हणाले. "आयतु, झालं. चाकं बसव."

मी पण बसवणारच होते, खोटं कशाला सांगू. पण ड्रमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि थांबले. शूज काही अगदी काठापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे कडेला न घासलेली एक पट्टी राहते आणि तिथं बोटाला पायरी लागते. कमी चाललेल्या गाडीत बारीक पायरी, जास्त चाललेल्या गाडीत मोठी. या गाडीत काहीच नव्हतं. सपाट.

"अप्पा, ड्रम लेथवर कधी लावले होते?"

लेथ म्हणजे लोखंड फिरवत फिरवत कापायचं मशीन. ड्रम खडबडीत झाला की त्यावर चढवून आतून पातळ पापुद्रा काढतात, म्हणजे परत गुळगुळीत होतो.

"दर खंडेनवमीला," अप्पा म्हणाले.

"दर?"

"मग? पूजेला गाडी धुतो, पॉलिश करतो. आतला गंज तसाच ठेवून वर हळद-कुंकू लावायचं? आमच्या वडिलांपासून पद्धत आहे. ड्रायव्हर ड्रम घेऊन जातो, एक हलका कट मारून आणतो."

"आणि मग गाडी जाते कुठं?"

"देवळापर्यंत. आणि परत."

नेत्रानं माझ्याकडे बघितलं. माझ्याआधी तिच्या ध्यानात आलं.

मी माप घ्यायचा मोठा व्हर्नियर काढला. ड्रमचं पोट मुळात नऊ इंचांचं. झिजून, कापून दीड मिलिमीटरनं वाढलं तर मी चालवून घेते, त्याच्यापुढं नाही. आडवं मोजलं, उभं मोजलं, तळाशी, काठाशी. सगळीकडे एकच माप, लेथवाल्यांचं काम अगदी सरळ. आणि वाढ सगळीकडे तीन मिलिमीटरच्या वर.

वर्षाला एक हलका कट. त्या त्या वर्षीच्या लेथवाल्याचं काही चुकलं नव्हतं, ज्यानं त्यानं समोर आलेला ड्रम सांगितल्याप्रमाणं गुळगुळीत करून दिला. ड्रमचं पोट वाढलं म्हणून शूजवर जाड लायनिंग चढत गेलं, म्हणून पेडल असं टणक लागत होतं. गाडी रस्त्यावर झिजलीच नव्हती, पूजेच्या तयारीत झिजली होती.

हे म्हाताऱ्याला कसं सांगायचं? मी व्हर्नियर त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, स्वतः मोजलं. परत मोजलं.

"म्हणजे मीच खाल्ला हा?"

"तुम्ही जपलात. जपायची रीत जरा जास्त झाली."

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे, अक्का," नेत्रा म्हणाली. "मी स्वतः चालवणार आहे. सावकाश येईन."

"बाळ, धारवाड वर, हुबळी खाली. उतारावर ब्रेकवर पाय राहणारच. पातळ तव्यावर भाकरी करून बघ. जाड तवा निवांत तापतो, पातळ चटकन करपवतो. हा ड्रम असाच तापणार. तापला की फुगणार, शूज त्याच्या मागं धावणार आणि पेडल खाली जाणार. नाहीतर तडकेल. आणि गाडीत तू, तुझे अज्जा, मागं करवल्या."

"मी तीसनं येईन."

"समोरून म्हैस आली तर ती तुझं तीस बघणार आहे का?"

अप्पा एकदम उठले. "बेडा, नको. नाही म्हणतेस ना? संपलं."

जुन्या गाडीचा ड्रम दुकानात मिळत नाही. तारिहाळच्या बसूअण्णांना फोन केला, ते ओतकाम करतात. म्हणाले, "करून देतो की. पण लाकडाचा पॅटर्न, मग ओतणं, मग लेथ, मग बॅलन्सिंग. लग्नाच्या आत मागू नकोस. घाईत ओतलं की आत पोकळी राहते." बरोबर होतं त्यांचं.

लग्न झालं. नेत्रा भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून आली, अप्पा शेजारी बसून आले, पण तोंड खिडकीकडे. पंगतीत त्यांनी सगळ्यांना आग्रह केला. माझ्या पानाशी आले आणि पुढच्याला म्हणाले, "घ्या की हो, लाजता काय." घरी येऊन मी रडले थोडी. सुनेनं विचारलं तर म्हटलं, मिरची लागली.

नेत्राच्या व्हिसाला उशीर झाला म्हणून ती अजून इथंच होती. बसूअण्णांकडून नवे ड्रम आले तेव्हा अप्पा स्वतः ते मांडीवर घेऊन रिक्षातून दुकानात उतरले. माझ्याशी बोलले नाहीत. मी मोजले, नऊ इंच बरोबर. शूजवर मापाचं लायनिंग मारलं, गोलाई जुळवली, चाकं बसवली.

"ती जायची आहे त्या दिवशी चल आमच्याबरोबर," एवढंच म्हणाले.

मी धारवाडला गेले. नेत्रा स्टीअरिंगवर, अप्पा शेजारी, मागं मी आणि मांडीवर बॅग घेतलेला नवा जावई. उतार संपल्यावर, उणकलच्या अलीकडे, मी गाडी कडेला घ्यायला लावली. चाकाजवळ तळहात नेला. ऊब होती, चटका नव्हता. दोन्ही बाजूंना सारखी. अप्पाही उतरले, वाकले, हात लावून बघितला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

"चला," म्हणाले. "हिचं विमान जाईल."

परत येताना गाडी अप्पांचा मुलगा चालवत होता, तो सामान घेऊन रिक्षानं आधीच विमानतळावर आला होता. अप्पा मला म्हणाले, "नवरीला नाही, पण पोरीला पोचवलं."

पुढच्या खंडेनवमीला ड्रायव्हर माझ्याकडे आला. मागून अप्पांचा फोन. "अक्का, ड्रम पाठवलेत. कापू नको. मोज, आणि आकडा सांग." मी मोजले. नव्यासारखे. वर्षाकाठी देवळापर्यंत जाणारी गाडी, झिजणार किती?

यातून घ्यायचं ते एवढंच. पेडल चांगलं लागतं, ड्रम चमकतो, आवाज खणखणीत येतो, तरी मोजल्याशिवाय हो म्हणायचं नाही. आणि मोजून झाल्यावर कापायची गरज नसेल तर हात आवरायचा. हे दुसरं जास्त अवघड.

बरं, चहा गार झाला बघ तुझा. परत कधी येतेस? लवकर ये, आणि राहायच्या तयारीनं ये. असं उभ्या उभ्या नको.