मद्रासच्या खिडकीतून परतलेली आई

कृतज्ञता लिहायला बसले आहे, पण आधी राग लिहिते. तो अजून गेलेला नाही.

तेव्हा नव्वदचं दशक होतं. माझी लेक सुमन परदेशात सातव्या महिन्यात रक्तदाब वाढून इस्पितळात पडली होती. जावयाला रजा मिळत नव्हती. व्हिसासाठी बेंगळूरहून मद्रासला जावं लागे. तिथल्या वकिलातीपुढे मी पहाटेपासून रांगेत उभी राहिले. काचेमागच्या अधिकाऱ्याने इस्पितळाचं पत्र उलगडूनही पाहिलं नाही. "तुम्ही विधवा. एकुलती मुलगी तिकडे. परत कशाला याल?" दोन मिनिटांत नकाराचा शिक्का. त्या देशाची माणसं बेंगळुरात आमच्या इंदिरानगरात वर्ष-वर्ष राहतात, त्यांना हे कोणी विचारत नाही. आमच्या कित्येक पिढ्या बेंगळुरात गेल्या, नवऱ्याच्या अस्थी कावेरीत सोडल्या, तरी मी परत येईन याचा पुरावा माझ्याकडे नव्हता!

बाहेर फुटपाथवर बसून मी भवानीला नको नको ते बोलले. तू आई ना? मग आईलाच अडवतेस? रांगेत माझ्यामागे उभी असलेली बाई शेजारी येऊन टेकली. जयम्मा नाव, बेंगळुराजवळ देवनहळ्ळीला तिची द्राक्षबाग. तिला व्हिसा मिळाला होता. नवरा हयात, जमीन नावावर. मला तिचाही राग आला.

"अक्का, मुलगी कुठल्या गावात?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिचा मुलगा त्याच गावात होता.

"सरी, ठीक आहे. इस्पितळाचं नाव लिहून द्या. मी जाते."

मी दिलं, पण आशा ठेवली नाही. महिन्याभराने सुमनचा फोन आला. "आई, एक जयम्मा रोज येतात गं. इंग्रजी येत नाही, नर्सशी कन्नडात भांडतात. माझे पाय चेपतात. म्हणतात, तुझ्या अम्मानं पाठवलंय." बाळ लवकर जन्मलं, तेव्हा सुमनचा हात त्यांच्याच हातात होता. सुमन आणि तिची लेक, दोघी सुखरूप राहिल्या.

जयम्मा परतल्यावर मी देवनहळ्ळीला गेले आणि त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवून छातीशी धरलं. त्यांच्या अंगाला जणू माझ्या नातीचा वास होता. मी पोटभर रडले.

गरजेच्या वेळी कोणाजवळ कोण पोचणार, हे आता मी भवानीवर सोडते. मला अडवणाऱ्यांना मात्र मी माफ केलेलं नाही. रोज हात जोडते तेव्हा तेही तिला सांगते. ती ऐकून घेते.